वळिवड्याच्या छावणीतील पोलिश मुली

कोल्हापूरच्या पूर्वेला, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वळिवडे नावाचे लहानसे स्थानक आहे. शेजारच्या गांधीनगरातील घाऊक कापड बाजारामुळे हा परिसर आज सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र १९४३ ते १९४८ या काळात तेथे एक संपूर्ण पोलिश वसाहत नांदत होती, ही गोष्ट कोल्हापूर जिल्ह्याबाहेर अलीकडेपर्यंत फारशी कुणाला ठाऊक नव्हती. सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित तेथे राहत. त्यात तरुण पुरुष जवळजवळ नव्हतेच. होत्या त्या स्त्रिया, म्हातारी माणसे आणि मुले. या मुलांपैकी मुलींच्या वाट्याला आलेले बालपण हा दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित अध्याय असून त्याची काही महत्त्वाची पाने महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिली गेली.

युद्धाची हकीकत सेनापती आणि तह यांच्या आधारे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. येथे ती थोडी बाजूस ठेवून १९३१ साली पूर्व पोलंडमधील एखाद्या खेड्यात जन्मलेली मुलगी डोळ्यांपुढे आणावी. युद्ध सुरू झाले तेव्हा ती आठ वर्षांची होती. पुढल्या नऊ वर्षांत तिने किमान सहा मुक्काम पालटले आणि सतराव्या वर्षी वळिवड्याहून निघाली तेव्हाही ती स्वतःच्या घरी चाललेली नव्हती. तिचे गाव तोपर्यंत दुसऱ्या देशात गेले होते.

मालगाडीतून उत्तरेकडे

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर आक्रमण केले, हे शालेय पुस्तकांत असते. १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरल्या, हे पुष्कळदा गाळले जाते. वळिवड्याची कथा या दुसऱ्या तारखेपासून सुरू होते. पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाने गिळंकृत केला आणि तेथील जी माणसे नव्या राजवटीला नकोशी वाटली, त्यांना सहकुटुंब हलविण्याचे धोरण आखले गेले. पहिल्या महायुद्धानंतर सरहद्दीवर जमिनी मिळालेले निवृत्त सैनिक, वनरक्षक, सरकारी नोकर, शिक्षक आणि पोलीस यांचा त्यात समावेश होता.

फेब्रुवारी १९४०, एप्रिल १९४०, जून १९४० आणि जून १९४१ अशा चार मोठ्या लाटांत हे निर्वासन घडले. पहिल्याच लाटेत, १० फेब्रुवारी १९४० च्या मध्यरात्रीपासून, सुमारे १ लाख ४० हजार माणसे उचलली गेली. सशस्त्र शिपाई दार ठोठावत. सामान आवरायला फार तर तासाभराची सवड मिळे. मग बर्फातून स्लेजगाडीने स्थानकापर्यंत आणि तेथून मालगाडीच्या डब्यात. डब्यात मधोमध लोखंडी शेगडी, दोन्ही बाजूंना फळ्यांचे माळे आणि शौचासाठी जमिनीला पाडलेले भोक. प्रवास तीन-चार आठवड्यांचा. तान्ही मुले आणि वृद्ध वाटेतच दगावत आणि त्यांचे देह रुळांच्या कडेला ठेवून गाडी पुढे जाई.

एकूण किती माणसांना हलविले, यावर दीर्घकाळ वाद होता. जुन्या पोलिश अंदाजांनुसार हा आकडा १० लाखांच्या पुढे जात असे. सोव्हिएत दप्तरे खुली झाल्यावर या चार लाटांसाठी सुमारे सव्वातीन लाखांचा आकडा पुढे आला. अटक झालेले, सैन्यात सक्तीने भरती केलेले आणि मजुरीसाठी नेलेले लोक त्यात धरलेले नाहीत, म्हणून वाद पूर्णतः मिटला असे म्हणता येत नाही.

काहींना अर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकूडतोडीवर ठेवले गेले, काहींना सैबेरियात, तर काहींना कझाकस्तानच्या सामूहिक शेतांवर. थंडीत तापमान उणे ४० अंशांपर्यंत उतरे. भाकरीचा शिधा कामाच्या प्रमाणात मिळत असल्याने काम न करू शकणाऱ्या मुलांच्या वाट्याला अगदीच थोडे येई. आई दिवसभर जंगलात. घरात धाकट्या भावंडांना सांभाळणे, पावासाठी पहाटेपासून रांगेत उभे राहणे, उन्हाळ्यात रानातली फळे आणि अळंबी गोळा करणे, घरातले कपडे देऊन बटाटे मिळविणे, ही कामे आठ-दहा वर्षांच्या मुलींवर येऊन पडली. मुलगी म्हणून घरकाम शिकण्याचे जे वय आपल्याकडेही मानले जात असे, त्या वयात या मुली आख्खे घर चालवू लागल्या होत्या.

एप्रिल १९४० च्या लाटेचे स्वरूप निराळे होते. त्यात प्रामुख्याने पोलिश सैन्याधिकारी, पोलीस आणि अटकेतील नागरिक यांच्या बायकामुलांना उचलण्यात आले. या कुटुंबांतील पुरुष त्या वेळी सोव्हिएत कैदेत होते आणि ५ मार्च १९४० रोजी झालेल्या निर्णयानुसार त्याच वसंत ऋतूत कातिन आणि अन्य ठिकाणी सुमारे २२ हजार कैद्यांची हत्या केली जात होती. म्हणजे वडील मारले जात असताना मुलगी मालगाडीत होती, आणि हे ना तिला ठाऊक होते ना तिच्या आईला. कैदेतून येणारी पत्रे एकाएकी थांबली एवढेच त्यांना कळले. हत्येची कबुली सोव्हिएत सरकारने एप्रिल १९९० मध्ये दिली. वडिलांचे काय झाले, हे अधिकृतरीत्या कळायला मुलीला पन्नास वर्षे लागली.

आईने अनाथ म्हणून सोपविलेली मुले

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला आणि कालचे शत्रू मित्र झाले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमधील परागंदा पोलिश सरकारचे पंतप्रधान जनरल शिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांच्यात करार झाला. त्यानुसार हद्दपार पोलिश नागरिकांना 'माफी' देण्यात आली. ज्यांचा काही गुन्हाच नव्हता त्यांना माफी कसली, हा प्रश्न पोलिश माणसे आजही विचारतात. जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभे राहू लागले आणि ही बातमी ऐकून उत्तरेकडील छावण्यांतील हजारो कुटुंबे दक्षिणेकडे, उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानच्या दिशेने निघाली. सैन्याजवळ पोहोचलो तर अन्न मिळेल आणि कदाचित या देशाबाहेरही पडता येईल, एवढीच त्यांची आशा होती.

हा दुसरा प्रवास पहिल्यापेक्षा अधिक जीवघेणा ठरला. पहिल्यात निदान पहारेकरी होते आणि गाडी कुठेतरी जाणार हे निश्चित होते. दुसऱ्यात वेळापत्रक नव्हते, शिधा नव्हता. पाणी आणायला स्थानकावर उतरलेल्या आईला सोडून गाडी निघून जाण्याचे प्रसंग वारंवार घडले. १९४२ च्या वसंतात मध्य आशियात टायफस आणि हगवणीने माणसे पटापट मरू लागली. सैनिक आपल्या शिध्यातील वाटा मुलांना देत.

याच सुमारास असंख्य मातांनी एक कठोर निर्णय घेतला. पोलिश अनाथालयांत दाखल झालेल्या मुलांना आधी अन्न मिळे आणि देशाबाहेर जाणाऱ्या तुकड्यांत त्यांचा समावेश होण्याची शक्यता अधिक असे. म्हणून जिवंत आयांनी आपली मुले अनाथ म्हणून तेथे सोपविली. कुणी खोटे नाव सांगितले, कुणी मुलीला बजावले की, मी तुझी कोणी लागत नाही असेच सांग. त्यांतील काही आया पुढे मुलांना भेटल्या, पुष्कळ भेटल्या नाहीत. यादीत 'अनाथ' म्हणून नोंदल्या गेलेल्या मुलांपैकी कित्येकांना आई किंवा वडील होते, किंवा ते आहेत की नाहीत हे कुणालाच माहीत नव्हते. या काळातील अनाथांचे आकडे वाचताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते. शिवाय आई आपल्याला टाकून गेली की आपल्याला वाचवून गेली, हा प्रश्न त्या मुलींच्या मनात वृद्धापकाळापर्यंत राहिला. तो कोणत्याही आकड्यात बसत नाही.

मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट १९४२ मध्ये क्रास्नोव्होद्स्क बंदरातून कास्पियन समुद्रमार्गे इराणच्या पाहलवी बंदरात (आजचे बंदर अंझली) सुमारे १ लाख १५ हजार माणसे नेण्यात आली. त्यात सुमारे ४० हजार मुलकी माणसे होती. किनाऱ्यावर उतरताच कपडे जाळले जात, केस भादरले जात, जंतुनाशक आंघोळ घातली जाई. दहा-अकरा वर्षांच्या मुलींना केस जाण्याचे दुःख फार झाले, असे अनेक आठवणींत येते. उपासमार सोसलेल्या पोटांना इराणमधील चरबीयुक्त अन्न सोसले नाही आणि सुटका झाल्यावरही शेकडो माणसे दगावली. तेहरान आणि अंझली येथील पोलिश दफनभूमींत ती विसावली आहेत.

भारताकडे

इराण हा केवळ वाटेतला मुक्काम होता. स्त्रिया आणि मुले युद्ध संपेपर्यंत कुठे ठेवायची, हा प्रश्न ब्रिटिश सरकारपुढे होता. पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि भारत अशी विभागणी झाली. भारतात मुलांची पहिली तुकडी मात्र त्याआधीच, १९४२ च्या वसंतात, अश्गाबादहून मालमोटारींनी इराणमधील मशहद आणि झाहेदानमार्गे क्वेट्ट्याच्या बाजूने आली. प्रसिद्ध पोलिश गायिका आणि अभिनेत्री हांका ओर्दोनूव्ना या स्वतः क्षयाने आजारी असताना मुलांसोबत होत्या. पुढे त्यांनी या मुलांच्या भटकंतीवर टोपणनावाने पुस्तकही लिहिले. मुले प्रथम मुंबईत वांद्र्याला राहिली. नंतर नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे समुद्रकाठी त्यांच्यासाठी छावणी उभारली. जामसाहेब या मुलांना आपली मुले म्हणत आणि स्वतःला त्यांचे बापू म्हणवून घेत. त्यामागे मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत बानासिंस्की आणि त्यांच्या पत्नी किरा बानासिंस्का यांची अथक धडपड होती. किराबाई पतीच्या निधनानंतरही भारतातच राहिल्या आणि पुढे हैदराबादेत त्यांनी समाजकार्य केले.

बालाचडीची कथा जामसाहेबांच्या औदार्यामुळे अधिक गाजली. वळिवडे मात्र कितीतरी मोठे होते. १९४३ च्या मध्यापासून कराचीच्या तात्पुरत्या तंबूंतून निर्वासितांच्या तुकड्या कोल्हापूर संस्थानात येऊ लागल्या. पंचगंगेच्या खोऱ्यातील ही हवा प्रकृतीला मानवण्याजोगी होती, रेल्वे होती, पाणी होते. छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश सरकारच्या खात्यावर पडत असे आणि अंतर्गत कारभारही पोलिश लोकांच्याच हाती होता.

त्या काळाचा संदर्भ येथे डोळ्यांआड करता येणार नाही. १९४३ हे बंगालच्या भीषण दुष्काळाचे वर्ष. शेजारच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांच्या प्रतिसरकारची धामधूम सुरू होती आणि काँग्रेसचे नेते तुरुंगात होते. परक्या सत्तेखाली पिचलेला देश परक्या निर्वासितांना आसरा देत होता, आणि तो देण्याविषयी या देशाच्या लोकांना कुणी विचारलेही नव्हते. तरीही कोल्हापूरकरांनी या माणसांविषयी राग धरल्याचे आढळत नाही. किंबहुना वळिवड्याच्या आठवणी सांगणाऱ्या पोलिश स्त्रियांनी स्थानिकांच्या सौजन्याचा उल्लेख आवर्जून केला आहे.

पाच वर्षांचे गाव

लांबलचक कौलारू बराकी, तट्ट्यांच्या भिंती, प्रत्येक कुटुंबाला दोन लहान खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे पडवी. अशा बराकींच्या रांगांना पोलिश नावे मिळाली. चर्च, इस्पितळ, टपाल कार्यालय, नाट्यगृह, दुकाने आणि ग्रंथालय झाले. भाजी, दूध आणि अंडी घेऊन आसपासच्या खेड्यांतील विक्रेते येत आणि थोड्याच दिवसांत मोडक्या पोलिशमध्ये भाव करू लागले. पोलिश मुलीही जुजबी मराठी-हिंदी शब्द उचलत.

छावणीचा प्राण म्हणजे शाळा. बालवाडीपासून माध्यमिक विद्यालयापर्यंत आणि शिवाय व्यवसाय-शिक्षण व अध्यापनाचे वर्ग अशी संपूर्ण व्यवस्था उभी राहिली. अडचण वयाची होती. ज्या मुलींची चार-चार वर्षे शाळेविना गेली होती, त्या बारा-तेराव्या वर्षी लहान मुलांच्या वर्गात बसल्या. काहींना पोलिशमध्ये नीट लिहिता येत नव्हते, कारण जे थोडे शिक्षण मिळाले ते रशियन शाळेत. अभ्यासक्रम दाटून घेतला गेला आणि दोन वर्षांचे शिक्षण एका वर्षात उरकण्याचा प्रयत्न झाला. क्रमिक पुस्तके तुटपुंजी होती. पॅलेस्टाइनमध्ये पोलिश शाळांसाठी छापलेली पुस्तके येत, एरवी शिक्षिका सांगत आणि मुली उतरवून घेत. वर्गात शिकविला जाणारा भूगोल त्या पोलंडचा होता जो नकाशावर यापुढे तसा उरणार नव्हता. याची शंका मोठ्यांना १९४४ पासूनच येऊ लागली होती. मुलींना मात्र नद्या आणि शहरे तोंडपाठ करविली जात.

शाळेइतकेच महत्त्व स्काउट-गाइड चळवळीला होते. छावणीतील मुलामुलींचा मोठा वर्ग तिच्यात सामील होता. ही जबाबदारी पार पाडण्यासाठी आलेल्यांपैकी एक म्हणजे झ्जिस्वाव पेश्कोव्स्की. कातिनच्या हत्याकांडाच्या वेळी कैदेत असलेल्या आणि जिवंत राहिलेल्या मोजक्या सुमारे ४०० अधिकाऱ्यांपैकी ते एक होते. ज्या मुलींचे वडील त्याच कैदेतून परत आले नाहीत, त्यांच्यासमोर हा तरुण अधिकारी शिबिरे आणि सहली घडवून आणीत होता. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातिनच्या स्मृतीसाठी त्यांनी आयुष्य वेचले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

क्षय आणि अशक्तपणाने ग्रासलेल्यांना पाचगणीला पाठविले जाई. तेथे पोलिश रुग्णांसाठी विश्रामधाम होते आणि काही मुली तेथील मिशनरी शाळांतही शिकल्या. भारतात १९३५ पासून राहणाऱ्या आणि गांधीजींच्या विचारांकडे वळलेल्या वांदा दिनोव्स्का ऊर्फ उमादेवी यांनी मुलांना भारतीय साहित्य आणि संस्कृतीची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला. औंध संस्थानातील ग्रामराज्याच्या प्रयोगात सहभागी झालेले आणि पुढे निसर्गदत्त महाराजांची संभाषणे इंग्रजीत आणणारे मॉरिस फ्रीडमन हे त्यांचे सहकारी होते. उमादेवींनी १९६० च्या दशकात तिबेटी निर्वासित मुलांसाठी काम केले, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

छावणीतील जीवन आनंदाचे होते काय? आठवणी लिहिणाऱ्या बहुतेक स्त्रिया होय म्हणतात. पोटभर अन्न, ऊन, पंचगंगेकाठची भटकंती, नाटके, लोकनृत्ये. हे खरेच असणार. मात्र त्याच्या मागे सतत एक टांगती तलवार होती. वडील आणि थोरले भाऊ आंदेर्स यांच्या सैन्यात इटलीत लढत होते. मे १९४४ मध्ये मोंते कासिनोचा डोंगर पोलिश सैनिकांनी घेतला आणि त्या विजयाचा जल्लोष जगभरच्या पोलिश छावण्यांत झाला. त्यापाठोपाठ पडलेल्यांच्या याद्या आल्या. एकाच बराकीत एका दारात आनंद आणि दुसऱ्या दारात सुतक, अशी ती स्थिती होती.

परत जायचे कुठे?

फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडेच राहील हे ठरले. वळिवड्यातील बहुसंख्य कुटुंबे तेथलीच. त्यांची गावे आज युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात मोडतात. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील कम्युनिस्टप्रणीत सरकारला दिली. ज्या सरकारच्या नावावर छावणी चालत होती ते सरकारच कागदावर उरले नाही. कारभार संयुक्त राष्ट्रांच्या मदत आणि पुनर्वसन संघटनेकडे व त्यानंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेला. मायदेशी परतण्याविषयी लोकांची मते आजमावली जाऊ लागली.

प्रश्न दिसायला सोपा होता. पोलंडला जायचे की नाही? परंतु ज्यांनी आपल्याला मालगाडीत कोंबले त्यांच्याच प्रभावाखालील देशात जायचे, तेही आपल्या गावी नव्हे तर जर्मनांनी सोडलेल्या पश्चिमेकडील अनोळखी शहरांत, हे बहुतेक स्त्रियांना पटेना. उलट ज्यांची आई, आजी किंवा बहीण पोलंडमध्ये जिवंत असल्याचे पत्राने कळले, त्यांना न जाणे अशक्य झाले. एकाच घरातील दोन बहिणींनी दोन निर्णय घेतल्याचीही उदाहरणे आहेत. अनाथ मुलांचा पेच तर कायद्याचा होता. नवे पोलिश सरकार त्यांच्यावर हक्क सांगू लागले. बालाचडीच्या मुलांबाबत ती सक्तीने परत पाठविली जाऊ नयेत म्हणून जामसाहेब, छावणीचे प्रमुख फादर प्लुता आणि ब्रिटिश संपर्क अधिकारी यांनी मुलांचे कायदेशीर पालकत्व स्वीकारल्याची कागदपत्रे संशोधकांनी पुढे आणली आहेत. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि तेथील उरलेली मुले वळिवड्याला आली. मुलांच्या दृष्टीने हे आणखी एक स्थलांतर.

१९४७ साली ब्रिटिश संसदेने पोलिश पुनर्वसन कायदा संमत केला. ब्रिटिश आधिपत्याखाली लढलेल्या पोलिश सैनिकांच्या कुटुंबीयांना इंग्लंडची वाट मोकळी झाली. ज्यांचे कोणी सैन्यात नव्हते त्यांची स्थिती अधिक कठीण होती. काही पूर्व आफ्रिकेतील पोलिश छावण्यांत गेल्या, काही पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेत स्थिरावल्या, काही पोलंडला परतल्या. इंग्लंडला पोहोचलेल्यांची पहिली घरे म्हणजे सैन्याने रिकाम्या केलेल्या अर्धगोल पत्र्यांच्या झोपड्या. पुन्हा छावणीच, फक्त ऊन नव्हते. एका मुलीने कोल्हापूरच्या तरुणाशी विवाह केला आणि ती येथेच राहिली, मराठी संसारात रमली.

वळिवडे रिकामे होत होते तेव्हा कोल्हापूरही शांत नव्हते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाल्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात जाळपोळ उसळली. ब्राह्मण कुटुंबांची घरे आणि दुकाने भस्मसात झाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ज्या शहराने पोलिश मुलींना आसरा दिला होता, त्याच परिसरातील काही मराठी मुलींना रातोरात घर सोडावे लागले. या दोन घटनांचा परस्परसंबंध काही नाही. तथापि कोल्हापूरचे आतिथ्य सांगताना १९४८ चा तो आठवडा वगळला तर चित्र खोटे होईल.

रिकाम्या झालेल्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांना तेथे वसविण्यात आले आणि वसाहतीला गांधीनगर हे नाव मिळाले. कराचीच्या छावणीतून निघालेल्या पोलिश मुलींच्या खोल्यांत आता कराची आणि शिकारपूरकडच्या मुली राहू लागल्या. महाराष्ट्रातील अनेक सिंधी वसाहतींची सुरुवात अशाच छावण्यांतून झाली. कल्याणच्या लष्करी छावणीतून उल्हासनगर झाले. नागपुरात जरीपटका भाग सिंधी निर्वासितांच्या वस्तीने आकाराला आला. विदर्भाने त्यानंतरही निर्वासितांना जागा दिली. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे १९६० च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीच्या अरण्यात वसविली गेली, आणि गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधच्या परिसरात १९७२ मध्ये नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत सुरू झाली. या वस्त्यांतील मुलींच्या आठवणी मराठीत अद्याप जवळजवळ लिहिल्याच गेलेल्या नाहीत. पोलिश मुलींच्या बाबतीत असे घडले नाही, याचे श्रेय त्यांच्या स्वतःच्या चिकाटीला द्यावे लागेल.

उशिरा बोललेल्या

पोलंडला परतलेल्या स्त्रियांना १९८९ पर्यंत सैबेरियाविषयी उघडपणे बोलता येत नव्हते. नोकरीच्या अर्जात जन्मगाव आणि युद्धकाळातील वास्तव्य यांच्या रकान्यांत काय लिहावे, हाही प्रश्न असे. कातिनमध्ये मारल्या गेलेल्या वडिलांविषयी अधिकृत भूमिकेपेक्षा वेगळे बोलणे धोक्याचे होते. पाश्चात्त्य देशांतील स्त्रियांना बोलण्याचे स्वातंत्र्य होते, परंतु ऐकणारे नव्हते. भारतात वाढलेली पोलिश मुलगी ही गोष्ट इंग्लंडमधील शेजाऱ्यांना समजावणे सोपे नव्हते.

कम्युनिस्ट राजवट कोसळल्यानंतर दोन्ही बाजूंच्या जुन्या मैत्रिणी एकमेकींना शोधू लागल्या. १९४२ ते १९४८ या काळात भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची संघटना उभी राहिली, स्नेहमेळावे भरले आणि सभासदांनी आठवणी व कागदपत्रे जमवून एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. तो आधी पोलिशमध्ये आणि नंतर इंग्रजीत आला. भारतीय बाजूने अनुराधा भट्टाचार्जी यांचे या निर्वासितांवरील संशोधनपर पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१३ मध्ये 'अ लिटल पोलंड इन इंडिया' हा माहितीपट निघाला.

साठी-सत्तरी ओलांडलेल्या या स्त्रिया कोल्हापूरलाही येऊन गेल्या. महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे. कोल्हापुरातील दफनभूमीत छावणीत मरण पावलेल्यांच्या कबरी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये, युद्धाच्या ऐंशीव्या स्मृतिवर्षी, छावणीतील काही हयात रहिवासी आणि पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री कोल्हापुरात आले आणि वळिवड्यातही स्मृतिस्तंभ उभा राहिला. वॉर्सात २०१७ मध्ये वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक झाले असून २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. त्या दिवशी मराठी वृत्तवाहिन्यांवर वळिवडे हे नाव दिवसभर झळकत होते आणि अनेक मराठी प्रेक्षकांना ते पहिल्यांदाच ऐकू आले.

छावणीत पाच वर्षांच्या असलेल्या मुलीही आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. वळिवड्यात जन्मलेली जी थोडी मुले होती, त्यांच्या जन्मस्थानाच्या रकान्यात कोल्हापूर हे नाव आहे. त्यांच्या आयांच्या जन्मस्थानाच्या रकान्यात मात्र त्या गावाचे कधी पोलिश, कधी रशियन, तर कधी युक्रेनी नाव आढळते.